गहू होता, गिरणी नव्हती : 1880-81 चा हिवाळा आणि कॅरोलाइन इंगल्सचं घर

डाकोटा टेरिटरीतलं, म्हणजे अमेरिकेच्या तेव्हा राज्य न झालेल्या प्रदेशातलं, डी स्मेट हे गाव 1880 च्या वसंतात आखलं गेलं. शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचे रूळ पश्चिमेकडे सरकत होते आणि स्टेशनाची जागा ठरली की तिच्याभोवती दुकानं, तबेले, खानावळ असं गाव उभं राहत होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या मध्यावर, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, पहिलं मोठं हिमवादळ आलं. जानेवारी 1881 च्या सुरुवातीला शेवटची गाडी आली आणि त्यानंतरची थेट मे महिन्यात. मधल्या चार महिन्यांत गावात बाहेरून ना कोळसा आला, ना पीठ, ना रॉकेल.

या हिवाळ्याची गोष्ट अमेरिकेत सगळ्यांना माहीत आहे, कारण इंगल्स कुटुंबातली दुसरी मुलगी लॉरा हिनं पुढे, 1940 साली, त्यावर कादंबरी लिहिली. त्याआधी 1930 च्या सुमारास तिनं मोठ्यांसाठी आठवणीही लिहून ठेवल्या होत्या. दोन्हींत फरक आहेत आणि त्यातला एक फारच महत्त्वाचा आहे. तो पुढे येईल. या प्रकरणात धीर, श्रद्धा वगैरे गोष्टी बाजूला ठेवल्या आहेत. त्या होत्याच, पण त्यांनी चूल पेटत नाही. घरात काय होतं, किती होतं आणि ते खाण्याजोगं किंवा जाळण्याजोगं करायला रोज किती हात किती तास लागत होते, एवढंच इथे मांडायचं आहे.

घर आणि माणसं

लॉराची आई कॅरोलाइन त्या हिवाळ्यात एक्केचाळिसावं वर्ष पुरं करत होती. जन्म 12 डिसेंबर 1839, विस्कॉन्सिन. ती पाच-सहा वर्षांची असताना वडील जहाजासोबत लेक मिशिगनमध्ये बुडाले. विधवा आईनं मुलं वाढवली. लग्नाआधी कॅरोलाइन शाळेत शिकवत होती. 1 फेब्रुवारी 1860 रोजी चार्ल्स इंगल्सशी लग्न झालं, आणि त्यानंतरची वीस वर्षं म्हणजे बिऱ्हाड पाठीवर. 1869 मध्ये कॅन्सस, 1871 मध्ये परत विस्कॉन्सिन, 1874 मध्ये मिनेसोटा, 1876 मध्ये आयोवा, पुन्हा मिनेसोटा, आणि 1879 मध्ये डाकोटा. कॅन्ससमध्ये ज्या जागेवर चार्ल्सनं घर बांधलं ती ओसेज या मूळ अमेरिकन लोकांची राखीव जमीन होती; तिथे वस्ती करायचा हक्क या कुटुंबाला नव्हताच. ‘मोकळी जमीन’ हा शब्द या सगळ्या गोष्टींत सर्रास येतो, आणि तो दर वेळी कोणाला तरी हटवल्यावरच मोकळी झालेल्या जमिनीबद्दल असतो. डाकोटाही त्याला अपवाद नाही; डाकोटा हे तिथल्या मूळ लोकांचंच नाव.

मिनेसोटात टोळधाडीनं उभी पिकं खाल्ली. सरकारी मदतीचं पीठ मिळावं म्हणून चार्ल्सला आपण पूर्ण निष्कांचन असल्याचं लिहून द्यावं लागलं. 1876 च्या ऑगस्टमध्ये नऊ महिन्यांचा मुलगा फ्रेडी गेला. 1879 मध्ये थोरल्या मेरीची दृष्टी आजारपणात गेली. म्हणजे डी स्मेटला पोचलेली बाई नवखी नव्हती. पीठ संपणं म्हणजे काय, हे तिनं आधी बघितलेलं होतं.

1880 च्या ऑक्टोबरात घरात सहा माणसं : चार्ल्स 44 वर्षांचा, कॅरोलाइन, मेरी 15, लॉरा 13, कॅरी 10 आणि ग्रेस 3. शेताचा दावा, म्हणजे सरकारकडून मिळवायची जमीन, गावाबाहेर सुमारे मैलभरावर. होमस्टेड कायद्यानुसार 160 एकरांपर्यंत जमीन मिळायची, अट पाच वर्षं राहून ती कसण्याची; सलग सहा महिन्यांहून जास्त काळ जागा सोडली तर दावा रद्द होऊ शकत असे. दाव्यावरची झोपडी म्हणजे एकेरी फळ्यांची खोली. ऑक्टोबरच्या वादळानंतर चार्ल्सनं बिऱ्हाड गावातल्या आपल्या इमारतीत हलवलं. ती त्यानं दुकानासाठी बांधली होती, पण निदान भिंती बऱ्या होत्या आणि शेजारी माणसं होती. हा निर्णय घेतला नसता तर पुढचं काहीच लिहायची वेळ आली नसती. दाव्यावर एकटं राहिलेल्या कुटुंबाला इंधन संपल्यावर मदत मागायलाही जाता आलं नसतं.

गावात साठा का नव्हता

पहिल्या वर्षीचं गाव हे साठा नसलेलं गाव असतं. कुरणाची माती शतकानुशतकं मुळांनी विणलेली. पहिल्या नांगरटीनंतर ती नुसती उलटी पडते, कुजायला एक मोसम जातो. त्या मोसमात थोडे बटाटे, सलगम, थोडा मका एवढंच हाती लागतं. गव्हाचं खरं पीक दुसऱ्या वर्षापासून. त्यामुळे 1880 च्या हिवाळ्यात गावात जो गहू होता तो बहुतेक पुढच्या पेरणीसाठी बाहेरून आणलेला, म्हणजे बियाणं. दुकानदारही नवे, भांडवल तोकडं. आठवड्याला गाडी येणार या भरवशावर ते आठवड्याचाच माल ठेवत. झाडं नाहीत, म्हणून सरपण नाही. कोळसा पूर्वेकडून येणार. पिठाची गिरणी नाही, पीठही पूर्वेकडूनच.

आणि रेल्वे अडली ती एका साध्या कारणानं. रूळ समपातळीत ठेवायचे म्हणून उंचवट्यांतून चर खणून नेलेले होते. वाऱ्यानं वाहणारा बर्फ सपाट जागी थांबत नाही, खोलगट जागी साचतो. हा बर्फ भुसभुशीत नसतो. वाऱ्यानं दळलेले बारीक कण एकमेकांत घट्ट बसतात आणि इंजिनाला लावलेला नांगर त्यात पाचरीसारखा रुतून बसतो. मग मजूर फावड्यांनी बर्फ काढून चराच्या दोन्ही काठांवर टाकत. त्यामुळे काठ उंच होत, चर आणखी खोल होई आणि पुढच्या वादळात आधीपेक्षा जास्त बर्फ धरून ठेवी. प्रत्येक वेळी साफ केल्यानं पुढचं काम वाढत होतं. जानेवारीनंतर कंपनीनं प्रयत्न सोडले, त्यामागे आळस नव्हता. उरलेला बर्फ उन्हानंच काढायचा होता.

वादळांची एक लय होती : दोन-तीन दिवस झोड, मग एखाद-दोन दिवस उघडीप, पुन्हा झोड. घरातलं सगळं नियोजन या लयीवर उभं होतं. उघडीप मिळाली की बाहेरची कामं, त्यातही आधी गवत आणणं. आणि पुढच्या किमान तीन दिवसांचा साठा घरात आल्याशिवाय दुसरं काही नाही. वादळात घर आणि तबेला यांतल्या पन्नास पावलांतही माणूस चुकत असे, म्हणून मध्ये दोरी बांधून तिला धरून जायची पद्धत होती.

गवत जाळणं

कोळसा संपल्यावर इंधन उरलं ते गवताचं. चार्ल्सनं उन्हाळ्यात पाणथळीतलं उंच गवत कापून त्याच्या गंजी रचल्या होत्या, त्या जनावरांसाठी. आता त्याच गंजींवर चूलही चालवायची होती.

इथे आकडे बोलके आहेत. वजनाला वजन धरलं तर वाळलेलं गवत कोळशाच्या निम्म्याहून थोडी जास्तच उष्णता देतं, वाईट नाही. पण सुटं गवत एका घनमीटरमध्ये 50-70 किलोच बसतं आणि कोळसा 800 च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच जागेत कोळशाची उष्णता वीस-पंचवीस पट. चुलीचा पेटीएवढा कप्पा सुट्या गवतानं भरला तर ते भसकन पेटून मिनिटाभरात खलास, तवा गरम व्हायच्या आत. म्हणून गवत वळायचं.

पिळा वळायची रीत अशी. लांब काड्यांची मूठभर जुडी घ्यायची, दोन टोकं दोन हातांत. हात उलटसुलट दिशांना फिरवत पीळ द्यायचा, इतका की जुडी मध्येच मुडपू पाहते. मग ती मध्यावर दुमडायची. दोन्ही पदर आपोआप एकमेकांवर गुंडाळले जातात, दोराचे होतात तसे. सुटी टोकं मधल्या फटीत खोचून टाकायची. चांगला पिळा लाकडाच्या ढलपीसारखा कडक लागतो. पीळ सैल राहिला तर चुलीत गेल्यागेल्या तो उलगडतो आणि सुट्या गवतासारखा भडकतो. ओलं गवत असेल तर धूर होतो आणि आच लागत नाही; म्हणून उद्याचं गवत आजच पडवीत आणून त्यावरचा बर्फ झटकावा लागे. वळायचं काम त्या पडवीतच चाले, चुलीजवळ नाही, कारण खाली पडलेल्या कचऱ्यावर एक ठिणगी पुरते. पडवीत मात्र बाहेरच्याइतकीच थंडी. दर थोड्या वेळानं हात शेकायला आत यायचं, पुन्हा बाहेर.

पाणथळीच्या या गवताच्या पात्याच्या कडेला बारीक दाते असतात. वळताना ते तळहात कापत. हे काम चार्ल्स आणि लॉरा करत होते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या हातांचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको.

रोज किती पिळे लागत? नेमकी नोंद नाही, पण हिशोब करता येतो. लहान स्वयंपाकाच्या चुलीला खोली राहण्याजोगी ठेवायला तासाला सुमारे तीन किलो गवत धरलं आणि दिवसाचे सोळा तास, तर 48 किलो. एक पिळा अर्ध्या किलोचा मानला तर शंभराच्या आसपास पिळे. एक पिळा दहा मिनिटं टिकला तर नशीब. म्हणजे एक माणूस सतत वळतो आहे आणि दुसरं कोणीतरी सतत चुलीजवळ आहे, असं चित्र. रात्री वळायला कोणी नाही, म्हणून रात्री चूल विझणार आणि स्वयंपाकघरातल्या बादलीत पाणी गोठणार. अंथरुणात ऊब म्हणून कापडात गुंडाळलेल्या तापल्या इस्त्र्या न्यायच्या.

गवताची राखही भरपूर. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही ही म्हण आपण माणसांबद्दल वापरतो, पण चुलीत ती अडचण खरीच असते : जळालेला पिळा आपल्याच आकारात राखेचा होऊन बसतो, जाळीतून खाली पडत नाही आणि हवा अडवतो. दर वेळी तो सळईनं मोडायचा. राखेचं भांडं दिवसातून अनेकदा रिकामं करायचं, तेही बाहेर वारा नसताना, नाहीतर त्यातला निखारा उडून गंजीवर जायचा. हलक्या काजळीनं धुराडं लवकर भरतं आणि आतून पेट घेऊ शकतं. चुलीचं झाकण सारखं उघडावं लागत असल्यामुळे घरात धूर, आणि डोळे कायम चुरचुरत.

गंजी दाव्यावर, घर गावात. उघडिपीच्या दिवशी घोडा जुंपून घसरगाडीवर गवत आणायचं. पाणथळीवरून जाताना एक वेगळाच धोका होता : उंच गवत बर्फाचा थर वर तोलून धरतं आणि खाली पोकळी राहते. घोड्याचा पाय त्यातून आत जाई, जनावर पोटापर्यंत रुते आणि घाबरून आणखी खोल जाई. मग फावड्यानं उतार खणून त्याला बाहेर काढायचं. एका खेपेत अर्धा दिवस असा जायचा, आणि उघडीप तर एकच दिवसाची.

कॉफीची चक्की

पीठ संपलं तेव्हा घरात आणि गावात गहू होता. खरी अडचण इथे सुरू होते.

गव्हाचा दाणा शिजवून खाता येतो, पण त्याला तासन्‌तास उकळावं लागतं, आणि तेवढी आच गवतावर परवडत नाही. दळलेल्या गव्हाचा पाव मात्र भट्टीत एका तासात भाजून होतो. तेव्हा दळणं भाग होतं आणि घरात दळायचं साधन एकच : कॉफीची हातचक्की. लाकडी खोका, वर छोटी लोखंडी वाटी, आत दातेरी लोखंडी शंकू, बाजूला किंवा वर दांडा, खाली ड्रॉवर. खोका मांडीत धरून फिरवायचा. वाटीत एका वेळी अर्धा कप दाणे मावणार.

ही चक्की भाजलेल्या, ठिसूळ कॉफीसाठी केलेली. गहू चिवट. पेच घट्ट केला तर दांडा अडतो, सैल ठेवला तर दाणा नुसता भरडला जातो. दाणे सर्द असतील तर कोंडा दात्यांत बसून सगळं थबकतं. म्हणून गहू आधी चुलीजवळ पसरून कोरडा करायचा. बारीक पीठ हवं तर दोनदा दळायचं. ज्या घरात जातं आहे तिथे ही अडचण समजावी लागत नाही : जात्याच्या तोंडात मुठीनं वैरण घालत दोघींनी तासाभरात काही किलो दळण सहज उतरवलं असतं. खेळण्याएवढ्या चक्कीला तेच काम म्हणजे दिवसभराची कंबरतोड मेहनत.

पुन्हा हिशोब. सहा माणसांना थंडीत आणि श्रमांत पोटभर म्हणजे दिवसाला साधारण 11,000 ते 12,000 कॅलरी. गव्हाच्या सबंध पिठात 100 ग्रॅमला सुमारे 340. दुसरं फारसं काही नसेल तर साडेतीन किलो गहू लागतो. अर्धा कप गहू म्हणजे 90-95 ग्रॅम. तेव्हा चक्कीची वाटी 37-38 वेळा भरायची. एका वाटीला पाच मिनिटं धरली तर तीन तास, आणि तेही एकदाच भरडून. सारखं करायला दुसऱ्यांदा घातलं तर सहा. त्यामुळे घरातली माणसं दिवसभर आळीपाळीनं चक्की फिरवत होती आणि तरीही पोटभर खात नव्हती, या दोन गोष्टींत विसंगती काही नाही.

मेरीचं काम इथे कळतं. चक्की फिरवायला डोळे लागत नाहीत, उजेड लागत नाही. अंधार लवकर पडणाऱ्या घरात, दिवा नसताना, ज्या एका माणसाचं काम अंधारानं अडत नव्हतं ते म्हणजे मेरी. या हिवाळ्याची गोष्ट सांगताना तिला ओझं म्हणून दाखवायचा मोह होतो. चक्कीच्या तासांचा हिशोब केला तर ते टिकत नाही.

पाव

भरड पिठाचा पाव नीट फुगत नाही. कोंड्याचे टोकदार तुकडे कणकेतला चिकट धागा तोडतात आणि वायू निसटतो. विकतचं यीस्ट नाही. गाय आटली, म्हणून ताकही नाही. कॅरोलाइन आंबवण वापरत होती. पीठ आणि कोमट पाणी बरणीत कालवून ठेवायचं, काही दिवसांत ते फसफसतं आणि आंबूस वास येतो. रोज त्यातलं बरंचसं कणकेत घालायचं, थोडं मागे ठेवायचं आणि त्यात पुन्हा पीठपाणी. या पद्धतीचा भरड पिठाला दुहेरी फायदा : रात्रभर भिजल्यानं कोंडा मऊ होतो, आणि भाजताना घातलेला खाण्याचा सोडा आंबटपणाशी मिळून ऐनवेळी वायू सोडतो. सोडा कमी पडला तर पाव आंबट आणि गिच्च. जास्त झाला तर पिवळट आणि साबणासारखा लागतो. प्रमाण ठरलेलं नाही, कारण आंबवण रोज सारखं आंबत नाही. वासावर आणि जिभेवर ठरवायचं, आणि ते ज्याला येतं त्यालाच येतं.

आंबवणाचा शत्रू म्हणजे रात्रीची थंडी. पंचविसेक अंश सेल्सिअसला ते उत्तम काम करतं. दहा अंशांखाली जवळजवळ झोपतं. गोठलं तर त्यातला बराच जीव जातो. जिथे रात्री बादली गोठते तिथे बरणी गुंडाळून, चुलीच्या उरलेल्या उबेत ठेवावी लागणार. भाजायची वेळही दुपारची, कारण तेव्हा पिळे वळणारे हात ताजे आणि आच सलग. गवताच्या भट्टीत उष्णता चढउतार करते, पावाची एक बाजू करपते. मध्येच तो फिरवायचा.

पावाबरोबर काय? सुरुवातीला बटाटे, घेवडा, थोडं खारवलेलं; मग बटाटेही मोजून; शेवटी पाव आणि चहा, पुढे नुसता पाव. लोणी नाही, साखर नाही, चरबी जवळजवळ नाही. यातली एक गोष्ट त्यांच्या पथ्यावर पडली. पूर्वेकडून येणारं पांढरं पीठ मिळालं असतं तर चार महिने त्यावर काढणं जास्त धोक्याचं ठरलं असतं. चक्कीतल्या भरड पिठात कोंडा आणि अंकुर दोन्ही राहत होते, त्यामुळे ब गटातली जीवनसत्त्वं मिळत होती. क जीवनसत्त्वाचा मात्र बटाटे संपल्यावर दुष्काळ. ते शून्यावर आलं की एक ते तीन महिन्यांत स्कर्व्हीची चिन्हं दिसू लागतात : मरगळ, हिरड्या दुखणं, जखमा न भरणं. वसंताकडे सगळ्यांना आलेलं मांद्य, कशातच मन न लागणं, याचं वर्णन लॉरानं केलं आहे. त्यामागे भूक, थंडी, अंधार आणि हे सगळं मिळून असावं. घेवडा किंवा गहू भिजवून मोड आणले असते तर थोडं क जीवनसत्त्व घरातच तयार झालं असतं. मोडाच्या उसळी ज्यांच्या रोजच्या जेवणात आहेत त्यांना हे चटकन सुचेल. विस्कॉन्सिनच्या स्वयंपाकात ती रीतच नव्हती.

उजेड

रॉकेल संपलं. कॅरोलाइननं बटणाचा दिवा केला, आणि तो करायला सोपा आहे. सुती कापडाचा चौकोनी तुकडा घ्यायचा, मध्ये बटण ठेवायचं, कापड वर ओढून बटणाभोवती दोऱ्यानं आवळायचं. वरची टोकं पिळून वात. बशीत वंगण, इथे गाडीच्या आसाचं, घालून त्यात हे बसवायचं आणि वात माखून पेटवायची. बटणाचं काम वात उभी ठेवण्याचं. ज्योतीच्या उष्णतेनं भोवतालचं वंगण वितळतं आणि वातीत चढतं. आपल्या पणतीचंच तत्त्व. फरक एवढाच की वंगण थंडीत दगडासारखं घट्ट, म्हणून वात सुरुवातीला नीट माखलेली नसेल तर वितळायच्या आत विझते. धूर येतो, वास येतो. वाचण्याजोगा उजेड नाही, पण ताटं मांडता येतात. शाळा बंद होती. कॅरोलाइन स्वतः मास्तरीण, तेव्हा मुलींचे धडे तोंडी म्हणून घेणं चालू राहिलं.

दोन जास्तीची ताटं

आता तो फरक. कादंबरीत घरात सहाच माणसं आहेत. लॉराच्या आठवणींत मात्र जॉर्ज आणि मॅगी मास्टर्स हे तरुण जोडपं त्या हिवाळ्यात इंगल्सांकडेच राहिलेलं आहे. मॅगी गरोदर होती आणि मूल त्याच घरात, त्याच हिवाळ्यात जन्मलं. जाण्याची सोय उरली नव्हती आणि हिवाळ्यात बाळंतिणीला बाहेर कोण काढणार? लॉराच्या लिहिण्यानुसार जॉर्ज ना गवत वळायचा ना दळायचा. चुलीजवळची जागा मात्र धरून असायचा आणि जेवायला सगळ्यांत आधी. पन्नास-साठ वर्षांनी कादंबरी लिहिताना लॉरानं हे जोडपं काढून टाकलं. गोष्ट आटोपशीर झाली खरी. पण घर चालवणाऱ्या बाईचं काम समजून घ्यायचं तर तोच भाग हवा होता.

दोन मोठ्या माणसांना, त्यात एक बाळंतीण, दिवसाला सुमारे 4,500 कॅलरी म्हणजे 1.3 किलो गहू. चक्कीच्या चौदा वाट्या, एक तासाहून जास्त दळण, तेही नुसतं भरडायला. ते तास मेरी, कॅरी, लॉरा आणि कॅरोलाइनच्या हातांतून जात होते. बाळंतपण ही वेगळीच जबाबदारी : ऊन पाणी, कोरडे कपडे, रात्रीची आच, म्हणजे पुन्हा पिळे. बाळाची दुपटी धुवायला बर्फ वितळवायचा तर त्यालाही इंधन. आणि तान्ह्या मुलाच्या घरात रात्री चूल विझू देता येत नाही. लिहिलेल्या आठवणींत या कामाचा तपशील फारसा नाही, कारण ते करणारी बाई स्वतः लिहीत नव्हती. लिहिणारी मुलगी पडवीत गवत वळत होती.

जॉर्जला कामाला का लावलं नाही, हा प्रश्न आजच्या वाचकाला पडतो. पाहुणा आणि बिऱ्हाडकरू यांच्यातली रेघ पुसट होती, मास्टर्स कुटुंब जुन्या ओळखीचं होतं, आणि चार भिंतींत चार महिने कोंडलेल्या घरात भांडण ओढवून घेणं ही चैन होती. तरीही तो एक हात चालला असता तर लॉराचे निम्मे पिळे कमी झाले असते. हे म्हणायला हरकत नसावी.

साठ बुशेल

हिवाळ्याच्या उत्तरार्धात गावातला गहू आटला तेव्हा आल्मान्झो वाइल्डर आणि कॅप गारलंड हे दोन तरुण बर्फातून काही मैलांवर एका शेतकऱ्याकडे गहू आहे या ऐकीव बातमीवर गेले आणि तो घेऊन आले. आल्मान्झोनं पुढे, 1885 मध्ये, लॉराशी लग्न केलं. कादंबरीत आकडा साठ बुशेल आहे आणि तेवढ्यात गाव तरलं असं दाखवलं आहे. एक बुशेल गहू 60 पौंड, म्हणजे 27.2 किलो, साठ बुशेल म्हणजे सुमारे 1,630 किलो. गावात शंभर माणसं धरली आणि दरडोई रोज अर्धाच किलो, तर हा साठा 32-33 दिवसांत संपतो. गाडी मे महिन्यात आली. तेव्हा एकतर काही घरांकडे स्वतःचं थोडंफार शिल्लक होतं, किंवा माणसं अर्धा किलोहूनही कमीवर होती, किंवा दोन्ही. वाइल्डर भावांनी स्वतःचा बियाण्याचा गहू जपून ठेवला होता हेही कादंबरीच सांगते. बियाणं खाल्लं तर आज पोट भरतं आणि पुढचं पीक जातं. गाव वाचलं पण पेरणी बुडाली असं झालं असतं तर पुढच्या हिवाळ्यात तेच पुन्हा.

मे आणि नंतर

साचलेला बर्फ वितळला तेव्हा 1881 च्या वसंतात मिसुरी नदीला प्रचंड पूर आले; दक्षिणेकडचं व्हर्मिलियन गाव जवळजवळ वाहून गेलं. डी स्मेट उंचावर असल्यामुळे तिथे फक्त चिखल. मे महिन्यात रूळ मोकळे झाले आणि मालगाड्या आल्या. अडकून पडलेल्या वॅगनांतला माल लगेच पोटाच्या कामाचा असेलच असं नव्हतं. रेल्वेचा माल ज्या क्रमानं अडकला त्याच क्रमानं सुटला.

इंगल्स कुटुंब दाव्यावर परतलं आणि पेरणीला लागलं. त्या उन्हाळ्यात कॅरोलाइनपुढे दुसरंच शिवणकाम होतं : मेरीचे कपडे. आयोवात व्हिंटनला अंधांसाठी कॉलेज होतं. डाकोटात अशी संस्था नसल्यामुळे टेरिटरी आपल्या मुलांचा तिथला शिकवणीचा खर्च उचलत असे. कपडे आणि प्रवास घराकडे. त्यासाठीचे पैसे उभे करायला लॉरा गावात शर्ट शिवायला जाऊ लागली. नोव्हेंबर 1881 मध्ये चार्ल्स आणि कॅरोलाइन मेरीला घेऊन रेल्वेनं व्हिंटनला गेले. ती तिथे 1889 पर्यंत शिकली. मणीकाम, शिवण, ऑर्गन, आणि ब्रेलसारख्या उठावाच्या लिपीत वाचन. जमिनीचा ताबा 1886 मध्ये पक्का झाला, 1887 मध्ये चार्ल्सनं गावात थर्ड स्ट्रीटवर घर बांधलं. तो 1902 मध्ये गेला. कॅरोलाइन आणि मेरी त्या घरात पुढची बावीस वर्षं एकत्र राहिल्या, आणि मेरी विणलेल्या, मणी ओवलेल्या वस्तू विकून घरखर्चाला हातभार लावत होती.